पुराणिक पाद्री फादर स्टीफन्स

या मासिकात आपण संतांची चरित्रे वाचता. आज ज्यांचे चरित्र सांगायचे योजिले आहे ते वारकरी नव्हेत, हिंदूही नव्हेत. जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट पाद्री, आणि राहिले गोव्यात पोर्तुगिजांच्या अमलाखाली. तरी मराठीत ओवी लिहिणाऱ्यांची नावे घ्यायची झाली तर त्यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा ग्रंथ ‘ख्रिस्तपुराण’. हा पाद्री आम्हां कीर्तनकारांच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चरित्रातच आहे. परक्या माणसाला आपल्या देवाची गोष्ट कळेल अशी कशी सांगावी, हा प्रश्न या माणसाने चाळीस वर्षे वागवला. आणि तो प्रश्न आपलाही आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडात विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावी १५४९च्या सुमारास झाला. ते तरुण झाले तेव्हा तिकडे एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिकांचे दिवस कठीण होते. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जायचे ठरले होते, परंतु मित्र पकडला जाऊन तुरुंगात पडला आणि स्टीफन्स एकटेच गेले. १५७५ साली रोममध्ये ते जेझुइट पंथात शिरले. पुढे हिंदुस्थानात जाण्याची ओढ लागली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबत निघाले ते आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांहून अधिक पाण्यावर! वाटेत माणसांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत. पोचल्यावर त्यांनी १० नोव्हेंबरला वडिलांना पत्र लिहून सगळा प्रवास कळवला. गोव्यात राहून तिकडची हकीकत मायदेशी लिहिणारा इंग्रज त्यांच्याआधी कोणी ठाऊक नाही.

नाथमहाराज तेव्हा पैठणात होते. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत करण्याचे त्यांचे काम १५८४ साली पुरे झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्स यांनी आपल्या भावाला लॅटिन भाषेत पत्र लिहिले. इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. संस्कृत शिकलेल्या माणसाला पितृ आणि पातेर यांचे नाते आता कोणीही सांगेल. पण पंडितांनी त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले ते दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांच्या कानाला ते येऊन चार वर्षे होतात न होतात तोच लागले होते. ऐकण्याची सवय असल्याखेरीज हे होत नाही.

परंतु त्याच पत्रात दुसरीही एक हकीकत आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. साष्टी तालुक्यात १५६६-६७ साली देवळे पाडण्यात आली होती. म्हाळसादेवी वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला. गोव्यातली आमची मंडळी दिंडी घेऊन येतात तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांची कुलदैवते अशी एका रात्री उचलून नेलेली आहेत, हे ध्यानात असू द्या. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. अशा दिवसांत, जुलै १५८३ मध्ये, साष्टीतील कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांच्यासोबतची काही माणसेही मेली. पुढे सरकारने गावच्या मुखियांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करण्याच्या मिषाने बोलावले आणि त्यांचा वध केला. पाच पाद्र्यांच्या मरणाची वार्ता स्टीफन्स यांनी भावाला त्या पत्रात कळवली. मेलेले त्यांचे गुरुबंधू होते. ज्यांनी मारले त्यांच्याच तालुक्यात या गृहस्थांना पुढचे बहुतेक आयुष्य काढायचे होते.

अशा वेळी माणूस दोन वाटांपैकी एक धरतो. भिंत उंच करतो, नाहीतर दार शोधतो. स्टीफन्स यांनी भाषेचे दार शोधले.

तसे पाहिले तर इकडच्या पोथ्या वाचणारे पाद्री त्यांच्याआधीही होते. लोकांच्या घरांतून पोथ्या ओढून आणीत, त्या रोमन लिपीत उतरवून घेत. त्यांतल्या काही आज पोर्तुगालमध्ये ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. कृष्णदास शामा या गोमंतकीय कवीचे श्रीकृष्णचरित्रही त्यांत सापडले. पण त्या वाचनाचा हेतू उघड होता. ब्राह्मणांना समोर बसवून त्यांचे खंडन करायचे. खंडनासाठी शिकलेली भाषा वादाला पुरते, संवादाला पुरत नाही. आम्ही पाठशाळेत पूर्वपक्ष-उत्तरपक्ष शिकलो, तेव्हा गुरुजी आधी पूर्वपक्ष इतका बळकट मांडायला लावीत की मांडता मांडता आपणच त्या बाजूचे होऊ की काय असे वाटे. तेवढे केल्यावाचून उत्तरपक्षाला तोंड उघडायची परवानगी नसे. असो.

आता ख्रिस्तपुराणाचा जन्म पाहा. स्टीफन्स यांनीच ग्रंथाच्या आरंभी तो प्रसंग घातला आहे. साष्टीत एका रविवारी पाद्री मुलांना धर्माचे पाठ शिकवीत असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून बोलू लागला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, आमची जुनी पुराणे आम्ही वाचू नयेत असे तुम्ही ठरवले, ठीक. पण मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला दुसरे काय दिले? तुम्हीच आमच्या भाषेत तसे पुराण का करीत नाही?

भाविकहो, हा प्रश्न नीट ऐका. तो माणूस धर्म सोडून आलेला होता, पण संध्याकाळी घरात काहीतरी वाचले जाते, चार माणसे बसून ऐकतात, मधेच कोणीतरी डोळे पुसतो, ही सवय काही सुटली नव्हती. पाठ करून घेतलेली दहा सूत्रे त्याची भूक भागवीत नव्हती. आणि स्टीफन्स यांनी या प्रश्नाला उद्धटपणा म्हटले नाही. इन्क्विझिशनच्या दिवसांत ते म्हणणे अवघड नव्हते! त्यांनी तो प्रश्न ग्रंथाच्या दारावरच बसवला आणि सगळा ग्रंथ त्याचे उत्तर म्हणून लिहिला. श्रोत्याने विचारल्यावाचून पुराणिकाने तोंड उघडू नये ही आपल्याकडची रीतच आहे. परीक्षितीने विचारावे आणि शुकाने सांगावे, शौनकांनी विचारावे आणि सूतांनी सांगावे. परदेशी पाद्र्याने ती रीत अचूक उचलली.

ग्रंथ झाला जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा. पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती, आदाम आणि एवा, जलप्रलय, मोशे आणि पुढचे भविष्यवादी. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. छंद आपलाच, साडेतीन चरणांची ओवी. मराठी भाषेची स्तुती त्यांनी जी केली आहे ती तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी यांच्या उपमा एकामागून एक येतात. स्तुती पुष्कळ जण करतात. मला विशेष वाटते ते त्यांनी प्रस्तावनेत सांगितलेल्या एका व्यवहारी गोष्टीचे. अगदी शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे बिकट शब्द आपण टाकले आणि इकडच्या लोकांच्या बोलीतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द मिसळले, असे ते सांगतात. विद्वत्ता दाखवायची संधी हातात असताना ती सोडायची, आणि तेही परक्या भाषेत! परकी भाषा शिकलेल्याला तर अवघड शब्द वापरून दाखवायची हौस अधिक असते.

माझेच सांगतो. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हाची गोष्ट. एका गावी सप्ताहात कीर्तनाची सेवा मिळाली. ऐकायला शेतकरी, गिरणीतून सुटीवर आलेली माणसे, बायाबापड्या. मी तासभर अवच्छेदक आणि विवर्त यांचा पाऊस पाडला. टाळकरी माना डोलवीत होते; मला वाटले, कीर्तन रंगले. उतरल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली आणि म्हणाली, की फार चांगलं सांगितलंत, आता मला कळेल असं थोडं सांगा. ती काही टोमणा मारीत नव्हती हो, मनापासून विचारीत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि ती तर आपल्याच घरची, गळ्यात माळ असलेली! बाहेरच्या माणसाचे काय होत असेल?

पण सोपे म्हणजे काय, यातच खरी मेख आहे. स्टीफन्स यांच्यापुढे अडचण अशी होती की त्यांच्या धर्मातल्या कित्येक कल्पनांना मराठीत शब्दच नाही, आणि जो शब्द आहे तो दुसऱ्याच अर्थाने भरलेला. त्यांनी देवाला परमेश्वर म्हटले. स्वर्गलोकाला चक्क वैकुंठ म्हटले. परंतु बाप्तिस्मा आणि त्यांच्या पूजाविधीचे खास शब्द यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द जोडण्याऐवजी बहुधा पोर्तुगीज-लॅटिन शब्दच ठेवले. म्हणजे कुठे ऐकणाऱ्याचा शब्द घ्यायचा आणि कुठे आपलाच शब्द ठेवून तो समजावत बसायचे, याचा त्यांनी जागोजाग विचार केला.

वैकुंठ शब्दापाशी मात्र मी थबकतो. आमच्या लेखी तो शब्द पांडुरंगाच्या घरचा. तो घेऊन दुसऱ्याच्या घरावर लावला, याचा एखाद्या वारकऱ्याला राग आला तर मी त्याला दोष देणार नाही. नवख्या श्रोत्याला वाटावे की ही जुनीच ओळखीची जागा आहे, आणि नंतर कळावे की तिथला यजमान बदलला आहे, यात फसगत नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला. माझे मत असे झाले की शब्द घेतल्याने फसगत होत नाही. शब्द घेऊन अर्थ लपवला तर होते. स्टीफन्स आपला अर्थ लपवीत नाहीत. कोणाला भजायचे, कोणाला नाही, हे ते स्पष्ट सांगतात. मूर्तिपूजेवर त्यांची टीका आहे, आणि ती वाचताना आपल्याला सुख होत नाही. पण ग्रंथाचा जीव त्या टीकेत नाही, कथेत आहे. एतिएन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच जेझुइटाने पुढे संत पेत्रावर मराठीत पुराण रचले, ते १६२९ पासून छापले गेले. त्यात आपल्या देवांच्या खंडनाला पुष्कळ जागा दिली आहे. दोन्ही ग्रंथ एकाच पंथाच्या लोकांनी एकाच भाषेत लिहिलेले. कोणता अधिक काळ लोकांच्या तोंडी राहिला, ते पुढे येईलच.

अक्षरांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोममधल्या आपल्या पंथप्रमुखांना पत्र लिहिले. तुकोबारायांचा जन्मही याच साली झाला असे पुष्कळ जण धरतात. इकडच्या लोकांच्या भाषेत आणि इकडच्याच लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. मलबारात तसे झाले आहे आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांना त्याचा मोठा फायदा होतो, असे त्यांनी कळवले. अडचण एवढीच की युरोपात चोवीस अक्षरांच्या साच्यांवर काम भागते, इकडे सहाशे साचे पाडावे लागतात. आपल्या जोडाक्षरांचा आणि कानामात्रांचा हिशेब त्या इंग्रजाने असा बसून केला होता! गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण नागरी खिळे काही झाले नाहीत. शेवटी १६१६ साली राचोलच्या जेझुइट कॉलेजात, इन्क्विझिशनची परवानगी घेऊन, ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत. मराठी ओवी फिरंगी लिपीत.

याखेरीज त्यांनी दोन कामे केली. एक म्हणजे कोंकणीत धर्मशिक्षणाची पुस्तिका, गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांची. ती १६२२ साली छापली. दुसरे कोंकणीचे व्याकरण, पोर्तुगीजात लिहिलेले. ते १६४० साली निघाले. हिंदुस्थानातल्या बोलत्या भाषांच्या छापील व्याकरणांत त्याचा मान फार जुना आहे. ही दोन्ही पुस्तके बाहेर पडली तेव्हा स्टीफन्स हयात नव्हते. १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. पुस्तिका सामान्य ख्रिस्ती माणसासाठी होती. व्याकरण मात्र पाद्र्यांसाठी. परक्याला आपले म्हणणे समजावायचे तर आधी आपल्याच माणसांना परक्याची भाषा शिकवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. १६०६ साली गोव्याच्या धर्मसभेनेही ठरवले होते की जिथली भाषा येत नाही तिथे पाद्र्याला नेमू नये. ठराव होतात, शिकायला पुस्तक लागते.

मधे एक लहानशी गोष्ट राहिली. १५८३ साली काही इंग्रज व्यापारी, त्यांत राल्फ फिच, होर्मुझला पकडून गोव्यात आणून तुरुंगात टाकले होते. ते रोमच्या चर्चला मानणारे नव्हते, तरी स्टीफन्स यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. दोन बाजूंच्या मधे उभे राहण्याचा त्यांचा स्वभावच असावा.

आता त्यांच्या मागे काय झाले ते ऐका. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ साली आणि १६५४ साली. चर्चमध्ये, घरोघर ते वाचले-गायले जाई. मग वारे फिरले. संभाजीराजांची गोव्यावर १६८३ साली स्वारी झाली, आणि २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून आपली बोली सोडावी. ज्या चर्चच्या माणसाने चाळीस वर्षे राबून लोकांच्या जिभेवर बसायची जागा मिळवली होती, त्याच राज्याने ती जीभच नको म्हटले. बोली काही मेली नाही. हुकमाने बोली मरत नाहीत. पण पुस्तके गेली. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ठाऊक नाही.

ग्रंथ वाचला तो गरीब माणसांमुळे. गोव्यातून निघून कानडा मुलखात, मंगळूरच्या बाजूला जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हातांनी उतरवून ठेवला होता. परमुलखात, आसपास कानडी आणि तुळू बोलणारी माणसे असताना, त्यांच्या घरी मराठी ओव्या वाचल्या जात होत्या. आपल्याकडे पोथी अशाच जपल्या. भंडारा डोंगराच्या आसपास काय किंवा मंगळुरात काय, बांधून ठेवणारी माणसे एकाच जातीची. त्या हस्तलिखितांवरून जे. एल. सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच.

आणि एक. अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. महिपतिबुवांचा भक्तविजय, नाथ, तुकोबा यांची इंग्रजीत भाषांतरे करून आपल्या संतांची ओळख दूरदेशी पोचवणारे तेच. ख्रिस्ताची कथा ओवीत सांगणारा पाद्री एकीकडे, आणि ओवीतल्या संतांची कथा ख्रिस्ती जगाला सांगणारा हा दुसरा. अ‍ॅबट यांनी १९२३च्या सुमारास लंडनमध्ये मार्सडेन यांच्या जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाची एक प्रत असल्याचे जाहीर केले. ती हाताने लिहिलेली होती, आणि देवनागरीत होती. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून हा ग्रंथ देवनागरीत छापून काढला. १६०८ सालच्या पत्रात ज्या अक्षरांची मागणी केली होती त्या अक्षरांत छापलेले ख्रिस्तपुराण मराठी वाचकाच्या हाती आले, तेव्हा त्या पत्राला ३४८ वर्षे झाली होती.